बेसिनवरची सूचना

सोमवारी आरशाखाली चिकटलेली दिसली,
लॅमिनेट केलेली, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली:
‘कृपया बेसिनमध्ये पाय धुऊ नयेत.
आदेशावरून.’

आमच्या मजल्यावर चौऱ्याऐंशी माणसं.
त्र्याऐंशी घरून पाय धुऊन येतात
आणि पुन्हा घरी जाऊनच धुतात.
तेव्हा ही सूचना नव्हे,
मला आलेलं पत्र.
वर नाव न घालता
पोस्टमननं बरोबर माझ्याच दारात टाकलेलं.

मुनाफ शिकलगार, लेखापरीक्षण, टेबल एकोणीस.
आजोबा भोरच्या बाजारात विळ्यांना धार लावायचे,
ओढ्यावर पाय धुवायचे.
ओढ्यावर कुणी काही लिहीत नव्हतं.

दुपारी दीडला मी बाह्या दुमडतो.
हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत पाणी,
ओला तळवा डोक्यावरून,
आणि शेवटी एका पायावर उभा राहून
दुसरा त्या पांढऱ्या भांड्यात.
बगळ्यासारखा.
दार उघडलं की बगळ्याचा चोर होतो.
‘चालू द्या, चालू द्या,’ म्हणतात बेहेरे
आणि हात न धुताच निघून जातात.

साहेब म्हणतात, आपल्याकडे सगळे सारखे,
देवधर्म ज्यानं त्यानं घरी ठेवून यावा.
मनापासून म्हणतात.
खंडेनवमीला प्रिंटरला झेंडू त्यांनीच वाहिला,
पेढा पहिला मला दिला.
चांगला होता पेढा.
पण घरी कसं ठेवू, साहेब?
जोहर दुपारी येते. मी तेव्हा
तुमच्या व्हाउचरांवर टिकमार्क करत असतो.

कोंढव्याचा मेहुणा म्हणतो, संध्याकाळी कजा पढून टाक.
बायको म्हणते, मोज्यांवरून नुसता ओला हात फिरवला तरी चालतं,
विचारा कुणाला तरी.
विचारलं. मोजे चामड्याचे हवेत.
मे महिन्यात. पुण्यात.

मग मी बाटली घेऊन गच्चीवर जाऊ लागलो,
टाकीच्या मागे, गणपतीच्या मोडक्या मखराशेजारी.
चतुःशृंगीची टेकडी उजव्या अंगाला ठेवायची,
जरा मान वळवायची, की झाली दिशा.
फरशी अशी तापलेली
की पावलांचे ठसे
जानमाजपर्यंत पोचण्याआधीच वाळतात.
सजद्यात कपाळ टेकलं तरी
डोक्यात तीच ओळ: आदेशावरून.
कुणाच्या? बेहेरेंच्या?
की त्या नव्या पोराच्या, जो मला
‘ईद मुबारक’ म्हणाला होता मोहरमला?
तीन दिवस मी अल्लाहसमोर उभा राहून
कर्मचाऱ्यांची यादी तपासत होतो.

गुरुवारी कौसल्याबाई लोंढे कामावर आल्या,
उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात झाडू.
शुक्रवारी संध्याकाळी म्हणे पाय घसरला,
बेसिनपाशी पाणी होतं.
‘कुणाचं?’ मी विचारलं,
आणि विचारतानाच कळलं.
त्या बघत राहिल्या.
म्हणाल्या, ‘देवाचं करा हो, मी कुठं नाही म्हणते.
पण खालचं पुसून घेत जा.’

पंधरा वर्षं.
पंधरा वर्षं मी पाक होऊन बाहेर पडलो
आणि मागे वळून फरशी पाहिली नाही.

आता टेबलाच्या खणात एक फडकं आहे.
गच्चीवरच जातो अजून; तिथलंही पुसतो,
जरी तिथं पुसायला काही उरत नाही.
सूचना काढा म्हणून साहेबांकडे गेलो नाही.
गेलो असतो तर काय म्हणालो असतो?
ती न्याय्य आहे,
आणि ती माझ्याच नावाची आहे,
दोन्ही एकाच चिकटपट्टीवर.

काल हात धुताना दिसलं,
तिचा डावा कोपरा सुटलाय, वाफेनं.
फाडायला किती वेळ लागतो.
आत कुणी नव्हतं.
मी ओल्या अंगठ्यानं दाबून
तो परत बसवला.
धरून राहिलो थोडा वेळ,
पुन्हा सुटेल की काय म्हणून.